फाटलेला बुश

"त्रिशला, दिवा जरा खाली घे. अजून थोडा. हां, तिथंच धर," आण्णा म्हणाले.

मी हातातला दिवा गाडीच्या मागच्या बाजूला, चाक काढून मोकळ्या झालेल्या जागेत धरला. आण्णा जमिनीवर पोतं टाकून बसले होते. त्यांनी पाना उचलला, पण त्याचं तोंड नटावर बसेना. त्यांचा उजवा हात थरथरत होता. पाना घसरला, परत लावला, परत घसरला. मग त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि स्वतः दिवा घेतला.

"तूच लाव. मी सांगतो तसं फिरव. ह्यासाठीच आणलंय तुला."

आण्णा म्हणजे माझे सासरे, सुकुमार चौगुले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं मशीन शॉप होतं. ओतीव लोखंडाचे सुटे भाग फाउंड्रीतून यायचे आणि आमच्याकडे त्यांना आकार मिळायचा. तरुणपणी आण्णा मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचे. त्या काळातला एक फोटो दिवाणखान्यात होता, त्यात ते चिखलानं माखलेले आणि हसत असलेले होते. मी लग्न होऊन आले तोवर त्यांना कंपवात जडला होता आणि सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच. आण्णा, माझा नवरा श्रेणिक आणि मी. मी एका दंतवैद्यांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचं काम करायचे. दिवसभर बारीक कोरीवकाम. हात स्थिर लागतो. आण्णांना त्या दिवशी असाच हात हवा होता.

गाडी श्रेणिकची होती. दोनच माणसं बसतील अशी जपानी स्पोर्ट्‌स कार, जुनी, दुसऱ्याच्या हातची, बुटकी आणि निळी. बापलेकांनी मिळून तिचं इंजिन उतरवून पुन्हा बांधलं होतं. श्रेणिक तिला घाटातल्या शर्यतींना न्यायचा. त्याच्यासोबत केदार असायचा. केदार मिणचेकर, शाळेपासूनचा मित्र. सरावाच्या वेळी शेजारी बसून हातात घड्याळ धरायचा आणि पुढचं वळण किती कडक आहे ते ओरडून सांगायचा. आमच्या लग्नात सगळ्यात जास्त नाचला होता तो.

आदल्या वर्षी दिवाळीनंतर दोघं गगनबावड्याच्या बाजूला सरावाला गेले. सकाळची वेळ होती, रस्ता रिकामा होता. एका उतरत्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि केदारच्या बाजूनं झाडावर आदळली. श्रेणिकचं गळ्याजवळचं हाड मोडलं. केदार जागीच गेला.

पोलिसांचं काम झालं, जाबजबाब झाले, गाडी परत मिळाली. आण्णांनी ती टेम्पोत घालून शॉपच्या मागच्या कोपऱ्यात आणून ठेवली आणि वर ताडपत्री टाकली. हाड जुळलं, पण श्रेणिक काही जुळला नाही. तो रोज शॉपवर जायचा, मशीनसमोर उभा राहायचा, घरी यायचा. गाडी चालवणं सोडलं. स्कूटरसुद्धा नाही. कुठंही पायी जायचा. केदारच्या घरी तो अंत्यविधीनंतर एकदाही गेला नव्हता. लोक विचारायचे तेव्हा त्याचं एकच उत्तर असायचं.

"मागचं सुटलं. का सुटलं ते कळलं नाही."

मलाही तो तेवढंच सांगायचा. मी आणखी विचारलं की उठून गॅलरीत जायचा.

आणि आता वर्ष होत आलं असताना, शॉपच्या सुट्टीच्या दिवशी, आण्णांनी ताडपत्री काढली होती.

"गाडी पुन्हा उभी करायची आहे का, आण्णा?" मी नट सोडवत विचारलं.

"पुढचं पुढं बघू. आधी मागचे बुश बदलायचेत."

त्यांनी बाकावरचं खोकं दाखवलं. त्यात लालभडक, चकचकीत असे बुश होते, कडक पॉलीयुरेथेनचे. आण्णांनी मला समजावून सांगितलं. चाक धरणारा जो लोखंडी दांडा असतो, ज्याला आर्म म्हणतात, तो गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेला असतो तिथं सांध्यात हा बुश बसवतात. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मध्ये रबर. रबर धक्के खातं म्हणून गाडी मऊ चालते. पण वळणावर जोर आला की तेच रबर दबतं आणि मागचं चाक आपली जागा केसभर सोडतं. शर्यतीतली माणसं म्हणून रबर काढून हे कडक बुश घालतात. खड्डा पाठीला लागतो, पण चाक हलत नाही.

"आणि रबर फाटलेलं असेल तर?" मी विचारलं.

आण्णांनी दिवा दुसऱ्या हातात घेतला. "तर वळणावर मागचं चाक स्वतःच्या मर्जीनं फिरतं. कसाही चालवणारा असू दे, गाडी हातात राहत नाही."

मी उजवीकडचा आर्म सुटा केला. तो बराच जड होता. आम्ही दोघांनी धरून तो बुश दाबून काढायच्या प्रेसपाशी नेला.

"हे लाल बुश श्रेणिकनं गेल्याच वर्षी मागवायचं म्हटलं होतं," आण्णा म्हणाले. "सीझन सुरू व्हायच्या आधी. मी नको म्हणालो. म्हटलं, रबर चांगलं आहे, एक सीझन आरामात निघेल, उगं गाडीचा सांगाडा कशाला हादरवून घेतोस. त्यानं ऐकलं."

"हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"कुणाला बोलू? तो म्हणतो, का सुटलं ते कळलं नाही. मला कळलंय. हे रबर आतून फाटलं असणार. मी खाली शिरून बघितलंसुद्धा नव्हतं, नुसतं वरून हात लावून चांगलं आहे म्हणालो. आज बाहेर काढून त्याच्या हातात ठेवायचंय. मग कळेल त्याला, त्याचा हात चुकला नव्हता. माझा चुकला होता."

तेव्हा मला ती सुट्टी, ते खोकं, तो दिवा, सगळ्याचा अर्थ लागला. त्यांना गाडी उभी करायची नव्हती. मुलाला उभं करायचं होतं, आणि त्यासाठी दोषी ठरायची त्यांची तयारी होती. तयारी कसली, ओढच होती.

जुना बुश काढताना रबराला धक्का लागू नये म्हणून आण्णांनी लेथवर एक खास नळी कातून ठेवली होती. ती फक्त बाहेरच्या कड्यावर टेकायची, म्हणजे आतलं रबर जसं असेल तसंच बाहेर येणार. मी प्रेसचा दांडा ओढू लागले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एकदम मोठा आवाज झाला आणि बुश खाली पडला.

आण्णांनी तो उचलला, फडक्यानं पुसला, बोटानं रबर दाबून बघितलं, नळी धरून वाकवून बघितलं. घड्यांत घाटातली तांबडी माती बसली होती. रबर अख्खं होतं.

"हा नसणार," ते म्हणाले. "डावीकडचा असेल. त्या वळणावर भार डावीकडं येतो."

एका आर्मला दोन बुश. उजवीकडचा दुसराही अख्खा निघाला. मग आम्ही डावीकडचा आर्म सोडवला. तिथला एक नट गंजून बसला होता, त्यावर तेल टाकून वाट बघावी लागली. आण्णा पोत्यावर बसून राहिले. त्यांच्या मांडीवरचा हात हलत होता आणि ते दुसऱ्या हातानं त्याला दाबून धरत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून लॅबमधल्या एका म्हाताऱ्या पेशंटची गोष्ट सांगितली, कवळी बसत नाही म्हणून तिसऱ्यांदा आलेल्या. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

डावीकडचा पहिला बुश निघाला. अख्खा. कडेला वयाच्या बारीक रेघा होत्या, आमच्या हातांवर असतात तशा, पण फाट कुठेच नव्हती.

शेवटचा बुश प्रेसवर चढवायच्या आधी आण्णांनी त्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसेच उभे राहिले. आम्ही जैन. घरी रोज णमोकार मंत्र म्हटला जातो. पण लोखंडाच्या तुकड्यावर हात ठेवून त्यांना पुटपुटताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी दांडा ओढला. बुश निघाला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, फिरवला, परत फिरवला. नळीत लोखंडी कांब घालून सगळ्या जोरानं वाकवून बघितला.

रबरानं जोर घेतला आणि सोडल्यावर जागेवर आलं.

"आण्णा," मी म्हणाले.

"चहा आण जा. नाक्यावरचा गाडा उघडा असेल. थर्मास घेऊन जा."

मी गेले. गाड्यावर गर्दी नव्हती. चहावाल्यानं श्रेणिकभाऊ कसे आहेत विचारलं, मी बरे आहेत म्हणाले. परत आले तेव्हा शॉपचा दरवाजा अर्धा ओढलेला होता. मी आत पाऊल टाकणार तोच थांबले.

आण्णा व्हाइसपाशी उभे होते. शेवटचा बुश त्यांनी व्हाइसमध्ये आवळला होता आणि हातात कापायच्या सुरीचं नवं पातं होतं. डाव्या हातानं त्यांनी स्वतःचं उजवं मनगट गच्च धरलं होतं, इतकं की बोटं पांढरी पडली होती. पातं रबरात उतरवत ते नळीभोवती अर्धा वळसा आले. मग बुश सोडवला, खाली वाकले, जमिनीवरची धूळ चिमटीत घेतली आणि अंगठ्यानं त्या चिरेत दाबू लागले. मोठ्या काळजीनं, जखमेवर हळद भरावी तसे.

मी चार पावलं मागं गेले. रस्त्यावर थोडी थांबले, खोकले, दरवाजा आवाज करत सरकवला आणि आत आले.

"सापडला," आण्णा म्हणाले. त्यांचा श्वास फुललेला होता. "बघ. आतून गेलाय. मघाशी दिव्यात दिसलाच नाही."

मी बुश हातात घेतला.

"हो आण्णा," मी म्हणाले.

"श्रेणिकला फोन कर. म्हणावं लगेच ये."

श्रेणिक पायी आला, म्हणून वेळ लागला. तोवर आम्ही दोघांनी चहा घेतला. तो दारात आला आणि उघडी पडलेली गाडी बघून तिथंच उभा राहिला. पाठ फिरवून निघून जाईल असं मला वाटलं. पण आण्णा त्याच्यापाशी गेले आणि बुश त्याच्या हातात ठेवला.

"हे बघ काय होतं ते. डावीकडचा. फाटलेला होता. वर्षभर तू जे म्हणायलास ना, कळलं नाही म्हणून, ते हे. तू बुश बदलायचं म्हणाला होतास. मी नको म्हणालो. तुझं काही चुकलं नाही, श्रेणिक. मी बघितलंच नव्हतं नीट."

श्रेणिक बुश घेऊन दाराच्या उजेडात गेला. आमच्याकडे त्याची पाठ होती. त्यानं बुश डोळ्यांजवळ धरला. चिरेत नख घातलं. नखाला काय आलं ते बघितलं आणि बोटावर बोट चोळलं. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा खडखडाट लांब जाईपर्यंत तो तसाच उभा होता. आण्णांचा हात परत थरथरायला लागला होता आणि या वेळी ते त्याला दाबूनही धरत नव्हते.

श्रेणिक वळला.

"हो. फाटलाय," तो म्हणाला. "ह्यानंच सुटली असणार गाडी."

आण्णा पोत्यावर बसले आणि रडू लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, सासूबाईंच्या पुण्यतिथीलासुद्धा नाही. श्रेणिक त्यांच्यासमोर खाली बसला. त्यानं बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ते थरथरायचे थांबेपर्यंत धरून ठेवले.

"उठा आण्णा," मग तो म्हणाला. "आता आणलेच आहेत तर हे नवे बसवून टाकू. ग्रीस कुठाय?"

त्या दुपारी बापलेकांनी मिळून लाल बुश बसवले. मी बाजूला बसून बघत होते. श्रेणिक ग्रीस लावत होता, आण्णा सूचना देत होते. कमी लावलंस तर चालताना कुईकुई करतील. नळी आधी घालू नको. श्रेणिक होय म्हणत होता, मध्येच उलट विचारत होता. त्याच्या तोंडून एवढी वाक्यं मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. जुने बुश त्यानं भंगाराच्या डब्यात टाकले, तोही. रात्री जेवताना त्यानं भाजी परत मागितली. आण्णा माझ्याकडे बघून किंचित हसले.

मी मनाशी म्हटलं, जमलं यांना. एका पात्यानं जमलं. आता आपण काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून मी घरी आले, तर श्रेणिक फाटकापाशी माझी वाट बघत उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला.

"मला केदारच्या घरी सोडशील?" त्यानं विचारलं.

तो माझ्या स्कूटरवर मागं बसला. मिणचेकरांचं घर मंगळवार पेठेत एका बोळात होतं. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. वाटलं, मनावरचं ओझं उतरलंय, म्हणून आता केदारच्या आईला, काकूंना, भेटायला निघालाय. बोळाच्या तोंडाशी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबायला सांगितलं. मी स्कूटर बंद केली. तो उतरला, पण पुढं गेला नाही.

"काल तू तिथंच होतीस ना, आण्णांनी तो बुश कापला तेव्हा?"

मी स्कूटरची किल्ली काढून हातात धरली.

"त्या चिरेत बिडाची, ओतीव लोखंडाची भुकटी होती," तो म्हणाला. "आपल्या शॉपच्या जमिनीवरची. काळी. रस्त्यावर फाटला असता तर घाटातली तांबडी माती असती आत. बाकीच्या बुशांत होती तशी."

"मी दारात होते," मी म्हणाले. "त्यांना माहीत नाही. मला वाटलं तुला कळलं नाही."

"मला न कळेल होय? किती सरळ कापला होता, बघितलास? त्या हातानं." तो बोळाकडे बघत होता. "किती जोर लावला असेल त्यांनी."

"मग तू का म्हणालास, फाटलाय म्हणून?"

"दुसरं काय म्हणणार होतो?"

समोरच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. तो एकसारख्या आवाजात बोलत गेला, आधीच मनाशी म्हणून झाल्यासारखा.

"मला खरंच माहीत नव्हतं, त्रिशला. लोकांना सांगायचो ते खोटं नव्हतं. मागचं सुटलं एवढंच आठवायचं. मी जोरात होतो, पण त्याच्याआधी त्याहून जोरात गेलो होतो तिथून. म्हणून वाटायचं, कदाचित बुश गेला असेल. कदाचित नसेल. कधीतरी उघडून बघावं असं रोज वाटायचं आणि म्हणूनच ती ताडपत्री मी उचलत नव्हतो. त्या एका कदाचितवर वर्ष काढलं मी. काल आण्णांनी पातं लावलं, म्हणजे बुश धड होता. सगळे धड होते. नाहीतर त्यांना कापायची गरज काय होती?"

मला त्याच्या हाताला धरायचं होतं. त्यानं हात खिशात घातले होते.

"आण्णांना काही बोलू नकोस," तो म्हणाला. "कधीच."

काकू पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून साडीला फॉल लावत होत्या. मुलगी लग्न होऊन सांगलीला, नवरा आधीच गेलेला, त्यामुळं घरात त्या एकट्याच. दारात श्रेणिकला बघून त्यांनी चाकावर तळवा ठेवला आणि मशीन थांबवलं.

"ये. बस," त्या म्हणाल्या. "त्रिशला, तू पण बस."

श्रेणिक बसला नाही. केदारचा फोटो समोरच्या भिंतीवर होता, त्याखाली तो उभा राहिला.

"काकू, गाडीत काही बिघाड नव्हता," तो म्हणाला. "रस्त्यावर वाळू नव्हती. समोरून कुणी आलं नव्हतं. मी वळणावर जास्त वेगात शिरलो. मला जमलं नाही."

काकूंनी साडी मशीनवरून सोडवली, दोरा तोडला, घडी घातली. घडी नीट आली नाही म्हणून मोडून परत घातली.

"त्यानं सांगितलं होतं का तुला, हळू म्हणून?" त्यांनी विचारलं.

"नाही. घड्याळ बघून म्हणाला, मागच्या फेरीपेक्षा चांगली चाललीय. हसत होता."

"हं."

त्या बराच वेळ घडीवरून हात फिरवत राहिल्या.

"वर्षभर जो तो येऊन मला काहीतरी सांगून जातो," त्या म्हणाल्या. "कुणी म्हणतं गाडी जुनी होती. कुणी म्हणतं त्याचं तेवढंच आयुष्य होतं. तुझे वडील येऊन गेले दोनदा, हात जोडून बसले, काही बोलले नाहीत. मी तुझी वाट बघत होते. म्हटलं, तो येईल आणि सांगेल. रोज संध्याकाळी इथं दाराकडं तोंड करून बसायचे मी."

"काकू..."

"बरं झालं आलास. खरं सांगितलंस. तुला शिव्याशाप देणार नाही मी, मनातसुद्धा नाही. पण आता परत येऊ नकोस, श्रेणिक. तुला बघितलं की मला तो तुझ्या मागून आत येईल असं वाटतं."

श्रेणिकनं वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. आम्ही बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत मशीन परत सुरू झालं होतं.

त्यानंतर ते घर आमच्यासाठी बंद झालं. श्रेणिकनं काकूंचा शब्द पाळला. रस्त्यात लांबून काकू दिसल्या तरी तो गल्ली बदलायचा.

गाडी मात्र उभी राहिली. आण्णांनी तिचा ध्यासच घेतला. चेपलेली बाजू सरळ करून घेतली, नवा दरवाजा बसवला, त्याच निळ्या रंगात रंगवला. आणि एका रविवारी सकाळी किल्ली श्रेणिकच्या हातात दिली.

"चल. मला पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत फिरवून आण."

श्रेणिक किल्लीकडे बघत राहिला. मी मध्ये पडणार होते, पण त्यानं मला डोळ्यांनीच थांबवलं. तो गाडीत बसला. आण्णा शेजारी बसले, केदार बसायचा त्या जागेवर. गाडी फाटकातून बाहेर पडली ती सायकलच्या वेगानं. मी ते परत येईपर्यंत पायरीवर बसून होते.

आण्णा शेवटपर्यंत दर रविवारी त्या गाडीतून फिरले. शेवटच्या वर्षी त्यांना चालता येत नव्हतं तेव्हा श्रेणिक त्यांना उचलून त्या बुटक्या सीटवर बसवायचा, पट्टा लावायचा. एरवी तो गाडीला हात लावत नसे. शनिवारी रात्री तो झोपायचा नाही, हे मला माहीत होतं. आण्णांना नव्हतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते कौतुकानं सांगायचे, पोरगं यातनं बाहेर आलं बघा.

त्यांच्या शेवटच्या रविवारांपैकी एक मला चांगला आठवतो. ऊन वर आलं होतं. गाडी फाटकातून आत आली. मी आण्णांची काठी घेऊन पुढं गेले. श्रेणिकनं दार उघडलं आणि त्यांचा पट्टा सोडवायला वाकला. आण्णांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. आवाज तोवर फार बारीक झाला होता, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"मागची बाजू किती घट्ट धरते आता. वळणावर कळतसुद्धा नाही."

"हो आण्णा. खूप फरक पडला."

"तेव्हाच घालायला हवे होते हे बुश. मी ऐकलं असतं तुझं तर..."

श्रेणिक तसाच वाकून उभा होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त मान आणि शर्टाची कॉलर दिसत होती. प्रत्येक रविवारी आण्णा हेच म्हणायचे आणि प्रत्येक वेळी त्याला हे उत्तर द्यावं लागायचं.

"हो आण्णा," तो म्हणाला. "तुम्ही तेव्हा ऐकायला हवं होतं."

आण्णांनी समाधानानं मान हलवली आणि उचलून घेण्यासाठी दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले.